सव्वा मिलिमीटर

नेसरी,
१२ जानेवारी २०२५

उन्मेष भाऊजींना वर्षाराणीचा नमस्कार.

विहिरीचं पाणी मोजणाऱ्या मशीनसाठी तुम्ही पाठवलेलं नवं मेमरी कार्ड पोचलं. आकाराम दुधाची गाडी थेट आमच्या गोठ्यापर्यंत घेऊन आले आणि ओरडले, "वैनी, कोल्हापूरच्या सायबांनी मशीनचं काळीज धाडलंय की!" अख्ख्या गल्लीला कळलं. तरी फोन न करता हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. आमच्या घरात फोनवर एक जण बोलतो आणि पाच जण ऐकतात. त्यात आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या मशीनचं नावसुद्धा खपत नाही.

तुमच्या कागदावर होतं तसं सगळं केलं. मोटरघरात बसून सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, नव्या कार्डावर उतरवला, तो मशीनच्या भाषेत बांधणाऱ्या कंपायलरला कामाला लावलं. चार पॅकेजं बिनबोभाट बांधून झाली. पाचवं अडलं, पाण्याच्या आकड्यांची बेरीज करून सरासरी काढणारं. पडद्यावर आलं त्याचा अर्थ एवढाच: "हे पॅकेज फास्ट-मॅथ फ्लॅग लावून बांधू नका. थांबतोय." आणि तुमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पहिलीच ओळ अशी, की सगळ्या पॅकेजना फास्ट-मॅथ लावा. सासू म्हणते चूल पूर्वेला, सासरा म्हणतो पश्चिमेला. सुनेनं भात कुठं शिजवायचा ते तुम्हीच सांगा.

मला मशीन लवकर चालू हवंय, त्याचं कारण तुमच्यापासून लपवत नाही. तुमच्या मित्राला, माझ्या नवऱ्याला, जाऊन येत्या सहा मार्चला तीन वर्षं होतील. भर दुपारी पोहायला म्हणून विहिरीवर गेले. काठावर शर्ट आणि चपला सापडल्या. पाणबुडे उतरले, तीन मोटारी लावून विहीर उपसली, तरी तळ लागला नाही आणि माणूसही नाही. कपारीत अडकला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं. आत्तींनी माझं कुंकू पुसलं.

पण मशीन त्या दिवशी चालू होतं, भाऊजी. आणि त्या दुपारची पाण्याच्या पातळीची रेघ सरळ आहे. माणूस पाण्यात उतरला तर रेघ जराशी तरी हलायला नको का? हे मी तीन वर्षं मनात दाबून ठेवलंय. आता माझ्या भावानं, विश्वजितदादानं, माहेरी उचगावात माझ्यासाठी एक स्थळ बघितलंय आणि पाडव्याला उत्तर द्यायचंय. मी विधवा आहे की टाकलेली, हे कळल्याशिवाय दुसऱ्याच्या दारातलं माप मी ओलांडणार नाही. दर महिन्याला उतरवून ठेवलेले कच्चे आकडे पेनड्राईव्हवर आहेत. पॅकेज बांधून झालं की ते पुन्हा मोजायचे, एवढाच माझा बेत.

उत्तर आकारामांकडं द्या. ते कुणाचं पत्र फोडत नाहीत, फक्त त्याचा डंका पिटतात.

वर्षाराणी

*

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ जानेवारी २०२५

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेली पोरं मला यापेक्षा वाईट तक्रारी पाठवतात.

भानगड साधी आहे. पायलीनं जोंधळा मोजताना चार दाणे खाली सांडतात. ते पाचवं पॅकेज सांडलेला दाणा न दाणा गोळा करून पुढच्या मापात टाकतं. फास्ट-मॅथ कंपायलरला सांगतो, सांडलं ते शून्य धर आणि पुढं चल, घाई आहे. दोघांचं एकत्र जमणं शक्य नाही, म्हणून पॅकेज अडून बसतं. मशीन बसवलं तेव्हा ते फार हळू चालत होतं, म्हणून मी घाईचा फ्लॅग लावला. तेव्हाही पॅकेज असंच भुंकलं होतं. मी त्याचं तोंड बांधलं.

तुम्हीही तेच करा. पॅकेजच्या सोर्समध्ये एकेचाळिसाव्या ओळीवर ती तक्रार लिहिलेली आहे. ती ओळ पुसा आणि पुन्हा बांधायला घ्या. माझ्या सेटिंगच्या फाईलला मात्र हात लावू नका.

जुन्या आकड्यांचं म्हणाल तर त्यांत काही नाही. मी तेव्हाच बघितले आहेत. सम्राट गेला, वहिनी. रेघ हलली काय न हलली काय. स्थळ चांगलं असेल तर होकार द्या. तुम्ही अजून तिशीच्याही झाला नाहीत.

उन्मेष

*

नेसरी,
३१ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुमचं ऐकलं नाही. या घरात सांडलेला दाणा टाकायची रीत नाही, आत्ती गुडघ्यावर बसवून वेचायला लावतात. मी पॅकेजची ओळ तशीच ठेवली आणि तुमच्या फाईलमधली पहिली ओळ पुसली. मशीन म्हाताऱ्या बैलासारखं चाललं, पुरे दोन दिवस घेतले, पण पॅकेज न भुंकता बांधून झालं. परवापासून रेघ चालू आहे.

आता परवाचं सांगते. परवा अमावास्या होती. तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत नसेल. दर अमावास्येला दुपारी बाराच्या आत आत्ती विहिरीच्या कठड्यावर लेकासाठी दहीभाताचा निवद ठेवतात आणि मागं वळून न बघता परत येतात. मग दिवस मावळेपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. गडीमाणूस नाही, जनावरसुद्धा नाही. तीन वर्षांत हा नेम मोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी ताट रिकामं असतं आणि आत्ती म्हणतात, "जेवला माझा ल्योक." आम्ही म्हणतो कावळे.

काल सकाळी मोटरघरात जाऊन रेघ बघितली. परवा दुपारी लाईट नव्हती (मशीन बॅटरीवर चालतं), मोटर बंद होती, वारा नव्हता. बारा वाजून चार मिनिटांनी पाणी सव्वा मिलिमीटर चढलं. सतरा मिनिटं तसंच राहिलं. बारा एकवीसला सव्वा मिलिमीटर उतरलं.

ह्यांनी मला एक गणित शिकवलं होतं, तुम्हीच त्यांना शिकवलेलं. आपली विहीर गोल, आठ मीटर रुंद. पन्नास किलोचं माणूस उतरलं की पाणी एक मिलिमीटर चढतं. ह्यांचं वजन बासष्ट होतं. लग्नाआधी सोसायटीच्या काट्यावर दोघं उभे राहिलो होतो, सगळे हसले होते. मी पन्नास, हे बासष्ट.

बासष्ट किलोला सव्वा मिलिमीटरच होतात ना? माझं गणित चुकत असेल तर सांगा. चुकलेलं असू दे, असं वाटतंय.

वर्षाराणी

*

शाहूपुरी,
५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तारीख नीट बघून सांगा. तो आकडा २९ जानेवारी २०२५ चाच आहे का? जुन्या पेनड्राईव्हवरचा एखादा दिवस चुकून नव्या कार्डावर आला नाही ना? वर्ष बघा. आधी वर्ष बघा.

तसं नसेल तर कासव असेल, नाहीतर कठड्याचा दगड ढासळून पाण्यात पडला असेल. सेन्सरही जुना झालाय. एवढ्या बारीक आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो, फास्ट-मॅथ असतो तो त्यासाठीच. ती ओळ परत टाका आणि पॅकेज पुन्हा बांधा. जुने आकडे उघडू नका, ही विनंती आहे.

माझी तब्येत बरी नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

उन्मेष

*

नेसरी,
२ मार्च २०२५

उन्मेष भाऊजी,

वर्ष बघितलं. दोन हजार पंचवीसच आहे. आणि पडलेला दगड सतरा मिनिटांनी वर येऊन घरी जात नाही.

तुम्ही घाबरलात हे तुमच्या अक्षरावरून कळलं. कासवाला कुणी एवढं घाबरत नाही. म्हणून सगळे पेनड्राईव्ह काढले आणि एकेक महिना नव्या पॅकेजमधून मोजला. तीन आठवडे लागले. आत्तींना सांगितलं, सोसायटीचं काम आहे.

सहा मार्च दोन हजार बावीस. अकरा बावन्नला पाणी सव्वा मिलिमीटर चढलं. बारा वाजून नऊ मिनिटांनी सव्वा मिलिमीटर उतरलं. उतरलं, भाऊजी. ते पाण्यातून बाहेर आले. आम्ही पाणबुडे घालत होतो, आत्ती कठड्यावर डोकं आपटत होत्या, मी बांगड्या फोडत होते, आणि ते कोरडे होऊन कुठंतरी चालले होते.

त्यापुढं तीन वर्षांत अकरा अमावास्यांना दुपारी तोच सव्वा चढलाय आणि उतरलाय. कधी दोन महिन्यांनी, कधी चारांनी. गेल्या डिसेंबरपासून मात्र एकही अमावास्या चुकलेली नाही. तीस डिसेंबर, एकोणतीस जानेवारी, आणि आता सत्तावीस फेब्रुवारी. मधली तीस नोव्हेंबरची तेवढी वेगळी आहे. त्या दिवशी केसाएवढं काहीतरी हललं आणि तसंच राहिलं.

भुताला वजन नसतं. सव्वा मिलिमीटर म्हणजे जिवंत माणूस. माझा नवरा जिवंत आहे, आईचा निवद खाऊन जातो आणि मला तोंड दाखवत नाही. आणि तुम्हाला ते माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला तो फ्लॅग एवढा प्यारा.

पाडव्याला चार आठवडे आहेत. खरं लिहा. नाहीतर मीच शाहूपुरीत तुमच्या ऑफिसच्या दारात येऊन बसेन, आणि माझा आवाज कोल्हापुरी आहे हे तुम्ही जाणता.

वर्षाराणी

*

शाहूपुरी,
१० मार्च २०२५

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

सम्राट बाहेर आला होता. त्याच्या आदल्या दिवशी जोतीरामकाकांनी, तुमच्या सासऱ्यांनी, त्याला नेसरीच्या चौकात, भर बाजारात थोबाडलं होतं, तुम्हाला आठवत असेल. मोटारीच्या पाळीवरून चुलत्याशी भांडला म्हणून. दुसऱ्या दिवशी तो ओल्या चड्डीवर उसातून सडकेला आला आणि तिथं माझी गाडी उभी होती. महिनाभर गायब होतो म्हणाला. "बापाला कळू दे पोरगं काय असतंय ते." मी हसलो. मला ती गंमत वाटली. चपला आणि शर्ट त्यानं मुद्दाम ठेवले होते.

मग तुम्ही लोकांनी पुतळा जाळला. तेरावं झाल्याचं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जित्या माणसाचं तेरावं जेवलं गाव. आता कुठल्या तोंडानं जाऊ? आई मला बघून किंचाळंल." आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला, मग वर्ष. त्यानं मला आईची शपथ घातली होती. बंगळूरकडं एका गोदामात कामाला लागला. अमावास्येला विहिरीकडं कुणी फिरकत नाही हे त्याला मीच सांगितलं. जमेल तेव्हा यायचा. पोहायचा, स्वतःचा निवद स्वतः खायचा, उसातून लांबून तुम्हाला बघायचा आणि जायचा. तुम्ही हिरवी साडी नेसत नाही आता, असं मला एकदा म्हणाला होता.

फ्लॅग मी आधी खरंच घाईपोटी लावला होता. पुढं त्यात सम्राट लपतो हे लक्षात आलं, आणि मी तो काढला नाही. एवढा माझा गुन्हा आहे, आणि तो लहान नाही.

पण वहिनी, आता पुढचं वाचा, आणि बसून वाचा.

सम्राट गेला. खरा गेला. चौदा नोव्हेंबरला, कार्तिकात, काविळीनं. मला फोन आला तेव्हा उशीर झाला होता. अग्नी मीच दिला. एकदा मेलेल्या माणसाची बातमी पुन्हा कशी द्यायची, हे मला समजेना. राख आपल्या विहिरीत सोड, असं तो शेवटी म्हणाला होता. तीस नोव्हेंबरच्या अमावास्येला दुपारी मी आलो आणि सोडली. तुम्हाला केसाएवढं दिसलं ते तेच. तडा गेलेल्या लहान मडक्यात ती होती, मडक्यासकट सोडली.

म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. या तीन दुपारी कोण उतरलं, हे मला विचारू नका. दोन किलोची राख बासष्ट किलोचं पाणी उचलत नाही. मी सेन्सरचं गणित दहादा तपासलं. पॅकेज बरोबर आहे. फ्लॅग काढल्यावर ते खरंच सांगतं, खोटं सांगत होतो तो मी.

हात जोडतो. तो फ्लॅग परत लावा. रेघ सरळ होऊ दे. आणि एकोणतीस मार्चच्या अमावास्येला विहिरीवर जाऊ नका. तुम्हाला हवं होतं ते उत्तर मिळालं. तुम्ही टाकलेल्या नाही, विधवा आहात. पाडव्याला विश्वजितदादांना होय म्हणा.

अपराधी,
उन्मेष

*

नेसरी,
पाडवा, ३० मार्च २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हापासून दोन दिवस मी तुम्हाला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी रडले. तीन वर्षं माझं कपाळ पांढरं ठेवलंत तुम्ही दोघांनी, एकानं लाजेपायी, दुसऱ्यानं शपथेपायी. आणि तो माणूस काविळीनं पडून होता तेव्हा त्याच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हते. तुमचं भलं होवो, असं माझ्या तोंडून निघणार नाही.

विहिरीवर जाऊ नका म्हणालात. काल सकाळी आत्तींना म्हटलं, आज निवद मी ठेवते. त्या म्हणाल्या, "ठेव. पर ठिवून आलीस की मागं वळून बघायचं न्हाय. काय बी हुंदे."

"का हो आत्ती?"

"मागं बघितलं की त्यो थबकतोय. मग येत न्हाय."

दहीभात कठड्यावर ठेवला. लाईट नव्हती, मोटर बंद होती. मला पोहता येतं, उचगावात पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची बिंडी बांधून शिकलेय. बारा वाजून चार मिनिटं झाली तशी नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरले आणि मधोमध पाठीवर तरंगत राहिले. वर आभाळ ताटाएवढं. पाणी उन्हाळ्यातही झोंबत होतं. कुणी नव्हतं. तुमच्यासारखी शपथ मोडायची मला सवय नाही, म्हणून शपथेवर सांगते, विहिरीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तरी मी बोलले. मोठ्यानं बोलले. म्हटलं, "उद्या दादा येणार हाय. होय म्हणू का न्हाय म्हणू? जित्यापणी लाजलासा, आता कशाची लाज? गावानं पुतळा जाळलाय, तुमास्नी न्हाय. यायचं असंल तर चला की घरला."

माझाच आवाज दगडांवरून फिरून आला. बारा एकवीसला मी पायरीवर पाय ठेवला आणि बाहेर आले. मोटरघरात जाऊन रेघ बघावी असं फार वाटलं. पण त्यासाठी वळावं लागलं असतं. ओल्या साडीनं बांधावरून सरळ घरी आले. आत्ती दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या मागं बघत होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला, बाजूला होऊन वाट दिली आणि आत जाऊन ताटं वाढायला घेतली. सगळ्यांची जेवणं झाली होती. जेवायची मी एकटी राहिले होते. त्यांनी दोन ताटं वाढली.

आज पहाटे गुढी उभी करून मोटरघरात गेले. रेघ अशी आहे. बारा वाजून चार मिनिटांनी पाणी एक मिलिमीटर चढायला हवं होतं, माझ्या पन्नास किलोंचं. ते सव्वादोन चढलं. सतरा मिनिटं सव्वादोन राहिलं. आणि बारा एकवीसला, मी पायरीवर आले त्या मिनिटाला, सव्वादोन एकदम उतरलं. आजवर ते एकटे उतरत होते आणि एकटेच कुठंतरी जात होते. काल आम्ही बरोबर बाहेर आलो.

दादा दुपारी येऊन गेला. त्याला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, "पांढऱ्या कपाळानं जल्म काढणार हाईस व्हय?" म्हणाला, आणि मग त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. कुंकू आत्तींनी लावलंय, कालच, मी न मागता.

तुमचा फ्लॅग परत लावणार नाही. या घरात सांडलेलं आता काही टाकायचं नाही. मशीनचा खरं म्हणजे उपयोग संपलाय. कालपासून पाणी एका रेघेत उभं आहे, आणि पुढच्या अमावास्येला आत्ती विहिरीवर निवद ठेवणार नाहीत. घरातच वाढू म्हणतात.

माझा तुमच्यावर राग आहे आणि तो राहील. ह्यांचा नाही. तेवढं लिही, असं ह्यांनीच सांगितलंय.

वर्षाराणी